गाडी बंद पडू द्यायची नाही

गाडी रस्त्यात बंद पडली तर दोष गाडीचा नसतो, मालकाचा असतो, हे माझं जाहीर मत आहे. जाहीर म्हणजे अगदी जाहीर! कारखान्याच्या कँटीनमध्ये, शेजाऱ्यांच्या गॅलरीत, लिफ्टमध्ये, जिथे जिथे समोरचा माणूस पटकन निघून जाऊ शकत नाही तिथे तिथे मी ते मांडलेलं आहे. मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. माझ्या हाताखाली एकवीस पंप आणि सहा माणसं आहेत, आणि त्यातले पंप माझं ऐकतात. घरच्या गाडीला तर अठरा वर्षांत मी एकाही मेकॅनिकला हात लावू दिलेला नाही.

बायकोलाही नाही. नऊ वर्षांपूर्वी तिने रीतसर लायसन्स काढलं. पहिल्याच रविवारी तिने मोकळ्या मैदानात ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मी तिला अर्धा तास समजावलं की नुसता ब्रेक दाबला की इंजिन मरतं, आणि मग किल्ली खिशात टाकली. ती नऊ वर्षं खिशातच राहिली. लायसन्स तिच्या पर्समध्ये इकडून तिकडे फिरत असतं एवढंच.

बायको ऑपरेशन थिएटरमध्ये बावीस वर्षं नर्स आहे. गावाच्या पलीकडच्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे, तिथली मेट्रनची जागा रिकामी झाली आणि हिला मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवार, सकाळी साडेदहा. या खेपेला जमलं नाही तर तिच्या निवृत्तीपर्यंत ती जागा पुन्हा रिकामी होणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती बोलून काही दाखवत नव्हती, पण एकाच ड्रेसला तिने आठवडाभरात चार वेळा इस्त्री केली.

मी म्हटलं, "तू फक्त उत्तरं तयार ठेव. गाडीचं माझ्यावर सोड."

मंगळवारी मी सात वाजताच गाडीत जाऊन बसलो. तपासणीच्या माझ्या यादीत एकवीस कलमं आहेत. हेडलाइट, वायपर, पंखा, इंडिकेटर, मागचा दिवा, पुढचा दिवा, आतला दिवा. हॉर्न तीन प्रकारे वाजवून बघायचा असतो. हे सगळं इंजिन बंद ठेवून करायचं, उगाच पेट्रोल जाळायचं नाही. चाळीस मिनिटं मी तपासत होतो. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक गॅलरीत येऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. शेवटी किल्ली फिरवली तेव्हा गाडी घसा बसल्यासारखी खरखरली आणि मग सुरू झाली. मी यादीवर एकविसावी खूण केली.

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. त्यांचं हॉस्पिटलमध्ये काही काम नव्हतं. मुलगी एवढ्या मोठ्या मुलाखतीला निघालीय आणि गाडी जावई चालवतोय, तेव्हा बरोबर कुणीतरी शहाणं माणूस असावं, असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःशीच म्हणाल्या.

घरापासून पाच मिनिटांवर रेल्वेचं फाटक आहे. ते बंद होतं. मी ताबडतोब इंजिन बंद केलं आणि फाटकाशी इंजिन चालू ठेवणाऱ्या लोकांबद्दल माझं काय मत आहे ते सासूबाईंना सांगायला घेतलं. मालगाडी लांबलचक होती, त्यामुळे मत पूर्ण सांगून झालं. फाटक उघडलं. मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही!

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. बायकोने घड्याळ बघितलं. दहाला पाच मिनिटं कमी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, समोर बस येतेय. मी बसने जाते."

आता तुम्हीच सांगा, देखभाल विभागाच्या प्रमुखाची बायको मुलाखतीला बसने जाणार? मी म्हटलं, दोन मिनिटं दे. बॉनेट उघडलं. सगळ्या वायरी हलवून बघितल्या, बॅटरीवर हात ठेवला, हवेच्या फिल्टरचं झाकण काढून पुन्हा लावलं. त्याची काही गरज नव्हती, पण लोक बघत होते. तेवढ्यात बस आमच्या शेजारून निघून गेली. पुढची बस तासाने होती. टॅक्सी तर फाटकापाशी कधीच मिळत नाही.

बॅटरी उतरलीय हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. का उतरलीय हेही लक्षात आलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. टेम्पोत पाण्याच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या होत्या. त्याने एकदा बॉनेटमध्ये, एकदा माझ्याकडे बघितलं आणि धक्का मारायला सुचवलं. मी म्हटलं, मी तेच म्हणणार होतो. आता धक्का मारायला ताकदीची माणसं हवीत, म्हणजे तो आणि मी. सासूबाईंचे गुडघे असे की त्यांना नुसतं उतरायला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे त्यांना आतच राहू दिलं. मग स्टिअरिंगवर कोण?

"मी बसते," बायको म्हणाली.

नऊ वर्षांनी मी तिच्या हातात किल्ली दिली. ती द्यायला मला किती जड गेलं ते सांगत नाही. सूचना मात्र सविस्तर दिल्या. टाचेच्या नव्या सँडलने क्लच कळणार नाही, काढून दे. पेडलपाशी सुटी वस्तू ठेवायची नाही, आण इकडे. दुसरा गिअर टाक, क्लच दाबून ठेव, मी ओरडलो की सोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं असं बजावून मी खिडकीत डोकं घालून म्हणालो, "एकदा सुरू झाली की काही झालं तरी गाडी बंद पडू द्यायची नाही. काही म्हणजे काहीही झालं तरी!"

"कळलं," ती म्हणाली. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनला म्हणत असेल तसंच म्हणाली. तिथे सूचना दोनदा विचारत नाहीत, आणि दिलेली सूचना मोडतही नाहीत. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

सँडल एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने आणि खांद्याने धक्का मारला. पुढे उतार होता. टेम्पोवाला दणकट होता. वीस पावलांवर मी ओरडलो, गाडीने एक गचका दिला, धूर सोडला आणि सुरू झाली! मी टेम्पोवाल्याला टाळी दिली. आता बायको गाडी बाजूला घेईल आणि मी जाऊन बसेन, अशा हिशेबाने मी दमादमाने चालू लागलो.

गाडी बाजूला आली नाही. ती पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. मागच्या काचेतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लहान लहान होत गेला.

मी पळालो. पळता पळता माझ्या मनात आलं, बायकोने घाबरून ब्रेक दाबला तर इंजिन मरेल, म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबू नकोस! थांबू नकोस!" वळणापाशी ट्रॅफिकचा हवालदार उभा होता. त्याने माझा दंड धरला.

त्याच्या बाजूने बघा. एक बाई भरधाव गाडीतून गेली. तिच्यामागे तेल लागलेल्या हातात बायकी सँडल उगारून एक माणूस आला. हवालदाराने विचारलं, बाई कोण? मी सांगितलं, बायको. तिला मारायला निघालात? नाही हो, तिने थांबू नये म्हणून निघालोय. मग मागे कशाला लागलात? गाडी माझी आहे. म्हणजे बाईंनी गाडी पळवली? पळवली नाही, मीच ढकलून दिली! हवालदाराने वही काढली, थोडा विचार केला आणि ती परत खिशात ठेवली. अशा माणसाचं काय लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं.

टेम्पोवाला मागून आला आणि त्याने माझ्या वतीने चार शब्द सांगितले. त्यातला एक 'बिचारा' होता. हवालदाराने सोडलं, टेम्पोवाल्याने शेजारी बसवलं. हॉस्पिटलच्या बाजूलाच जातोय म्हणाला, फक्त वाटेत एक टाकी उतरवायची आहे.

टाकी चौथ्या मजल्यावर उतरवायची, म्हणजे चढवायची होती. मी एकदा ठरवलं की ठरवलं. हिच्या पायात मुलाखतीला सँडल असायलाच हवेत. मी टाकीत सँडल टाकले, टाकी खालून खांद्यावर घेतली आणि चार जिने चढलो. मग खाली आलो. मग सँडल आणायला पुन्हा वर गेलो. त्या घरातल्या आजींनी ते टाकीतून काढून नीट पुसून ठेवले होते, आणि पाण्याच्या टाकीत चपला घालणाऱ्या माणसाला जे बोलायचं ते सगळं त्या बोलल्या.

हॉस्पिटलच्या फाटकात उतरलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. माझी गाडी दुरूनच ऐकू आली. ती गाड्या लावायच्या जागेत घुं-घुं करत उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या! शेजारी वॉचमन हतबल होऊन उभा होता.

"हिने सांगितलंय, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाऊण तास झाला. पायाला मुंग्या आल्यात, पण काढला नाही. या वॉचमनचंही ऐकलं नाही." त्या एवढ्या ताठ बसल्या होत्या की मला त्यांचा मनापासून अभिमान वाटला. पहिल्यांदाच वाटला, म्हणून सांगतोय.

मग माझं लक्ष गाडीच्या नाकाकडे गेलं. ते समोरच्या मोठ्या काळ्या गाडीच्या पाठीत रुतलेलं होतं. काय झालं असेल ते मला क्षणात समजलं. ब्रेक दाबला की इंजिन मरतं, हे मीच शिकवलेलं. इंजिन मरू द्यायचं नाही, हेही मीच शिकवलेलं. तिने बिचारीने ब्रेकला पायच लावला नाही. क्लच दाबून गाडी आपली आपण थांबेपर्यंत जाऊ दिली, आणि ती इथे थांबली.

काळ्या गाडीच्या मागे पांढरा कोट घातलेले एक वयस्कर डॉक्टर वाकून पोचा बघत होते. कोटावर लावलेल्या पट्टीवर हुद्दा होता. हॉस्पिटलचे प्रमुख सर्जन! म्हणजे मुलाखत घेणारेच हे!

बावीस वर्षांची तिची नोकरी, चार वेळा केलेली इस्त्री, सगळं या पोच्यात जाणार होतं. आणि ते माझ्यामुळे. तिथल्या तिथे मी ठरवलं, काहीही होवो, हिच्यावर येऊ द्यायचं नाही.

"साहेब, चूक माझी," मी पुढे होऊन म्हणालो. "गाडी मी चालवत होतो."

"तुम्ही?"

"मीच. आज मुलाखतीला आलेल्या एका बाईंचा मी नवरा. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या बसने आल्या. आमची सकाळपासून भेटच नाही."

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. सँडल होते. ते पाठीमागे लपवायला उशीर झाला होता.

डॉक्टर सावकाश उठले. "तुमच्या बाई बरोबर साडेदहाला अनवाणी आत आल्या," ते म्हणाले. "बसायच्या आधीच म्हणाल्या, साहेब, तुमच्या गाडीला मी आत्ता धडक दिली. चूक माझी आहे. माझ्या आईला पाय उचलता येणार नाही, तेव्हा जरा लवकर आटपा."

मी सँडल बॉनेटवर ठेवले. लपवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

"माझ्या थिएटरमध्ये चूक झाली की चौकशी करावी लागते. तीन-तीन दिवस कुणी तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "या बाईंनी चौकशीच ठेवली नाही. बाकीचे प्रश्न आम्ही नावापुरते विचारले. सोमवारपासून त्या इथल्या मेट्रन."

माझे डोळे भरून आले. खरंच आले. आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती, आणि कुठली किती ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. एवढ्यात पायऱ्यांवरून बायको खाली येताना दिसली. थिएटरमधल्या हिरव्या रबरी स्लिपर तिच्या पायात होत्या आणि ती हसत होती.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पोच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग गाडी कोण चालवत होतं म्हणालात?"

"ती," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी मागून ढकलत होतो."

माझ्या एवढ्या बोलण्यातल्या या एकाच वाक्यावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला.