भरल्या टाकीचा मुहूर्त

मुलांनो, एका जंगलात पाण्याची टाकी होती. वाघ काय, कुठल्याही जंगलात असतात. टाकी या एकाच जंगलात होती, त्यामुळे इथल्या मंडळींचा तोरा विचारू नका.

टाकी चार पायांच्या सागवानी स्टँडवर उभी होती. स्टँडखालच्या गार मातीत बीळ करून खवलोजी राहत असे. खवलोजी म्हणजे खवल्या मांजर. बायको चिंगूबाई आणि आठवड्याचे पिल्लू, एवढाच संसार. महिना होईपर्यंत पिल्लू बिळाबाहेर काढायचे नाही, असा चिंगूबाईचा हुकूम होता.

झाले काय, की टेकडीवर राहायला गेलेल्या वानरांच्या नळाला पाणी चढेना. नळ नुसता फुसफुसायचा. टाकी समितीची सभा भरली. अध्यक्ष होते अप्पासाहेब गवे, आडनावानेही आणि जातीनेही. ठराव झाला की स्टँड दोन हात उंच करायचा. चार हत्तींनी चार कोपरे उचलायचे आणि अस्वलांनी खाली दगड सरकवायचे.

खवलोजी भीत भीत उठला.

"अप्पासाहेब, आधी टाकी रिकामी करा. मग बोटबोटभर उचलू, रुंद दगड सरकवू. पायांना तिरप्या पट्ट्या ठोकू. भरली टाकी कलली तर माझ्या पिल्लाचा पापड होईल हो."

अप्पासाहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "खवलोजी, शुभकार्यात रिकामा कलश कुणी मांडतं का?"

सगळ्यांना पटले. टाकी काठोकाठ भरण्यात आली. वर आंब्याचा डहाळा खोचला. एवढ्या मोठ्या तोंडावर बसेल असा नारळ मिळेना, म्हणून भोपळा बसवला.

मुहूर्ताच्या सकाळी मंडप भरला. हत्ती हारतुरे घालून कोपऱ्यांवर उभे राहिले. आणि अप्पासाहेब भाषणाला उठले. जंगलात पाणी कसे आले इथून त्यांनी सुरुवात केली, म्हणजे पृथ्वी थंड होण्यापासून.

खवलोजीने बिळातून वर पाहिले. टाकीच्या तळाचे बूच नेमके त्याच्या डोक्यावर होते. त्याने पिल्लाकडे एकदा बघितले आणि भराभरा ओढ्यापर्यंत चर खणला. मग बूच काढले.

चिंगूबाई पट्ट्या घेऊन स्टँडच्या पायांशी लागली. मंडपात टाळ्या पडल्या की ती एक खिळा ठोकायची. टाळ्या थांबल्या की हातोडी पदराआड. अप्पासाहेब पूर्वजांवर आले तेव्हा दोन पाय झाले. स्वतःवर आले तेव्हा चारही झाले, कारण तिथे टाळ्या त्यांनी मागूनच घेतल्या. चर जरा ओसंडला आणि त्यांचे खूर भिजले. आपली पाद्यपूजा चालली आहे असे वाटून ते आणखी तासभर बोलले.

शेवटी हत्तींनी जोर लावला. टाकी टुणकन वर आली. हत्ती स्वतःवरच इतके खूश झाले की नाचायचे तेवढे राहिले. अस्वलांनी दगड सरकवले, स्टँड घट्ट बसला, पिल्लू झोपेतून हललेसुद्धा नाही. खवलोजीला रडू आले.

मग वानरांनी नळ सोडला. नळ फुसफुसलासुद्धा नाही.

चरावरून चोर लगेच सापडला. चौकशी मात्र महिनाभर चालली. निकाल अप्पासाहेबांनीच वाचला. पाणी सांडल्याबद्दल खवलोजीने टाकीखालची जागा कायमची सोडावी. शिवाय, भरलेली टाकी सहज उचलता येते हे सिद्ध झाल्याने पुढच्या वर्षी ती काठोकाठ भरून आणखी चार हात उचलावी.

हे ऐकताच खवलोजीने आनंदाने टुणकन उडी मारली. महिना भरलेले पिल्लू चिंगूबाईच्या पाठीवर बसले. निकालाखाली अध्यक्षांची सही होईपर्यंत तिघे ओढ्यापलीकडे पोचलेही होते.

तात्पर्य: मुलांनो, समारंभात लांबलेल्या भाषणाला कधी नावे ठेवू नयेत. तेवढ्या वेळात खाली कुणीतरी काम उरकत असते. फक्त ते तुम्ही असाल, तर सामान आधीच बांधून ठेवा.