दोन बोटं उंची

फरशीवाल्याने लेकीच्या डोक्यावर पाणसळ आडवी ठेवली, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध येऊ दिला, कानामागची पेन्सिल काढून दाराच्या चौकटीवर रेघ ओढली आणि तो ओरडलाच, "अगं ए, इकडे ये! मुंगी वाढली!"

बायको नव्याकोऱ्या फरशीवरून फटफट करत आली. महिन्यापूर्वीच्या रेघेच्या वर चांगली दोन बोटं अंतर सोडून नवी रेघ उमटली होती.

"पुन्हा माप बरं. तुमचा हात हलला असेल."

"माझा हात?" फरशीवाला दुखावला. त्याने घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे, अशी गावभर ख्याती. त्याने पुन्हा मापलं. दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

मुंगी तेरा वर्षांची. हे नाव शाळेने ठेवलेलं, घराने लाडाने उचललेलं. वर्गाच्या फोटोत ती कायम पहिल्या रांगेत, आणि अनोळखी माणूस तिला हमखास धाकट्या वर्गात बसवायचा. वर्षभरात चौकटीवरच्या रेघा एकमेकींना चिकटायला लागल्या, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढीचे हार्मोन बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे एकदा दाखवून या. त्या दिवसापासून फरशीवाल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तो स्वतः बेताच्या उंचीचा. पोरीला आपण दुसरं काही देऊ न देऊ, नेमकं हेच दिलं, ही बोच त्याला झोपू देत नव्हती. डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली होती पुढच्या आठवड्याची, आणि तोवर वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने सांगितलेली उंची वाढवायची पावडर चालू होती.

"पावडरीचा गुण!" बायको म्हणाली. "आता कशाला जायचं त्या डॉक्टरीणबाईंकडे? सुया टोचतील पोरीला."

त्या दिवशी मुंगी शाळेत गेली ती मान ताठ करून.

संध्याकाळपर्यंत बातमी जिना चढून गेली. शेजारणीने आपल्या लेकासाठी दोन डबे आणले, तिच्या जावेने तीन. औषधांच्या दुकानातली पावडर संपली. इथवर सगळा आनंदीआनंद होता. घोळ सुरू झाला तो आजीपासून.

"माझंही माप रे एकदा," आजी म्हणाली. चौकटीवर तिचीही एक जुनी रेघ होती, नातीच्या हट्टापायी काढलेली.

"आई, तुझं काय मापायचं? या वयात माणूस आटतो."

"माप म्हणते ना!"

त्याने मापलं. आजीही दोन बोटं वाढली होती.

आजी हळूच म्हणाली, "मी रोज चमचाभर खायचे. चव बरी आहे तिची."

"रोज?"

"तुमचं लक्ष नसलं की दोन."

"बाई गं," बायकोने कपाळाला हात लावला. "आणि काल मला वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय मिळाला. मी तर पावडरीला शिवलेसुद्धा नाही!"

फरशीवाला जो तडक उठला तो औषधांच्या दुकानात. दुकानदारीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "महिन्यात दोन बोटं? हे काही बरं नाही हो. वाढ अडली तर जसं हार्मोनचं असतं, तसं एकदम सुटली तरी हार्मोनचंच असू शकतं. आणि सत्तरीची बाई वाढते म्हणजे... नाही बाई, आधी दाखवून या."

झालं. कालपर्यंत पोरगी वाढत नाही म्हणून जीव टांगणीला, आज वाढते म्हणून. वरून शेजारीण रोज जिन्यातून ओरडून विचारी, "आमच्या पोराने थांबवायची का पावडर? सांगा बाई लवकर, कपडे नवे शिवायला टाकलेत!"

ठरल्या दिवशी अख्खं कुटुंब डॉक्टरीणबाईंसमोर रांगेत बसलं. बाईंनी मुंगीला भिंतीवरच्या मापपट्टीला टाच टेकवून उभं केलं, नेहमीच्या डॉक्टरांचे कागद बघितले आणि म्हणाल्या, "मागच्या मापापेक्षा किंचित वाढलीय. महिन्यात दोन बोटं मात्र नाही."

"असं कसं?" फरशीवाला उसळला. "मी पाणसळ लावून मापलंय! आणि एकटी ती नाही, माझी आईसुद्धा वाढलीय."

"ही सुद्धा," आजीने सुनेकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "या महिन्यात घरात काय काय बदललं?"

"पावडर आली," बायको आठवू लागली. "पडदे बदलले. आणि इतक्या वर्षांनी एकदाची यांनी घरात नवी फरशी घातली."

"जुनी उखडून?"

"छे! उखडायची कशाला?" फरशीवाल्याची छाती फुगली. "जुन्यावरच सिमेंटचा माल पसरून वर नवी. फोडाफोड नाही, धूळ नाही. आपलं काम एकदम..."

"मग दारं अडली असतील."

"अडली की! सगळी खालून कापून घेतली. स्वतःच्या हाताने, बरोबर दोन बोटं..."

वाक्य तिथेच राहिलं, आणि तोंड उघडंच. पहिली मुंगीच हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी वाढलेच नाही," ती म्हणाली.

फरशीवाल्याला वाटलं, आता ही फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"थांब गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या खोलीत तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढवला आणि तो उजेडात धरून विचारलं, "बाबा कधी वाढले?"

"हा?" आजी पुढे सरसावली. "शाळा सुटेस्तोवर हा एवढासाच. मग असा सुटला, की विजारी घोट्याच्या वर! आत्ता दिसतोय ना, एवढा तरी तेव्हाच झाला."

"अस्सं. हिची हाडं वयापेक्षा दोनेक वर्षांनी लहान आहेत. गाडी उशिरा सुटणारी दिसतेय, रद्द झालेली नाही. रक्त तपासू, सहा महिन्यांनी पुन्हा मापू. पावडर मात्र बंद."

"माझीही?" आजीने विचारलं.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. त्या दिवशी फरशीवाला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. मग त्याने चौकटीवरच्या सगळ्या जुन्या रेघा दोन बोटं वर सरकवल्या, आजीची सोडून. तिने हातच लावू दिला नाही. "वाढले ते वाढले," म्हणाली. शेजारणीला खरं सांगायचं काम बायकोने त्याच्यावरच सोपवलं.

सहा महिन्यांनी मुंगी पुन्हा त्या मापपट्टीला टेकून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी खाली आणली, आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या तोंड उघडणार, तोच फरशीवाला गुडघ्यांवर बसला आणि बोटाच्या पेराने दवाखान्याची फरशी ठोकून बघू लागला.

"डॉक्टरीणबाई, मधल्या काळात इथे काम नाही ना काढलंत?"

"फरशी तीच आहे हो," त्या म्हणाल्या. "उठा आता. पोरगीच वाढलीय."