कुणी ठेवलं?

सुलोचनाबाईंना कुणी नमस्कार केला की त्या उलट नमस्कार करत नसत. समोरच्याकडं निरखून बघत आणि विचारत, "नाव काय?" त्यानं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "कुणी ठेवलं?" ह्याचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला बसायला खुर्ची मिळत नसे. उदगीरजवळच्या त्यांच्या शाळेत मी मास्तर म्हणून हजर व्हायला गेलो, तेव्हा बदलीचा हुकूम हातात धरून बराच वेळ दारात उभा होतो तो ह्याचमुळं. बाई मुख्याध्यापिका होत्या.

"प्रभाकर," मी म्हणालो.

"कुणी ठेवलं?"

"माहीत नाही. पंचांगात बघून ठेवलं असेल."

"पंचांगातनं पाऊस येत न्हाई, अन् नाव येतं व्हय? आईला इचारून या."

पाऊस खरोखरच येत नव्हता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याबरोबर पाणीही नवं येईल अशी गावातल्या काही लोकांची समजूत होती. आला तो टँकर. त्याच्यावर जिल्ह्याचं नाव मात्र ताज्या रंगात होतं.

दिवाळीत नांदेडला घरी गेलो तेव्हा आईला विचारलं. आई म्हणाली, "अरे, तुझ्या वेळंला दवाखान्यात जायला टांगा मिळंना. एका कंपाउंडरनं सायकलवर बसवून नेलं बघ मला. त्याचं नाव प्रभाकर." इतकी वर्षं मी स्वतःला सूर्य समजत होतो, निघालो कंपाउंडर. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढ्या खूष झाल्या की मला खुर्ची तर दिलीच, वर चहाही पाजला.

बाईंचं खरं खूळ पुढंच होतं. पोरांनी घरी जाऊन आपल्या नावाची गोष्ट विचारून यायची आणि मग बाई त्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक करायच्या. कागदाला पैसे नव्हते. पण जिल्हा बदलल्यामुळं 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेले कोरे फॉर्म तालुक्याला रद्दीत निघाले होते. बाईंनी ते पोत्यानं आणले. त्यांत पावसाची नोंद करायचे तक्ते जास्त होते. त्यांच्या पाठीवर गेरू, हळद, नीळ आणि कोळसा वापरून चित्रं निघायची, आणि कडेला दाभणानं सुतळी ओवली की झालं पुस्तक.

ह्यात एकच अडचण होती. बाईंना चित्र काढता येत नसे. त्यांचं कुठलंही जनावर शेळीसारखं दिसायचं. मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, ही म्हैस वाटत नाही."

"खाली म्हैस लिवलं की व्हती म्हैस," बाई म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या.

चौथीत उकंडी नावाची एक मुलगी होती. पोरं तिला 'उकिरडा, उकिरडा' म्हणून चिडवायची आणि ती हजेरीला 'हजर' सुद्धा म्हणायची नाही. बाईंनी तिला आईकडं पाठवलं. आईनं सांगितलं, आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून हिला जन्मल्यावर उकिरड्यावर लोळवून घेतलं, म्हणजे यमाला घाण वाटून तो हात लावणार नाही. बाईंनी लगेच पुस्तक केलं. पहिल्या पानावर यम, शेळीवर बसलेला, खाली 'रेडा' असं लिहिलेलं. दुसऱ्या पानावर त्यानं नाक दाबलेलं. तिसऱ्या पानावर यम पळून चाललाय आणि उकिरड्यावर बसून उकंडी टाळ्या वाजवतेय. वर्ग खदाखदा हसला, पण ह्या वेळी यमाला. दुसऱ्या दिवशी हजेरीला उकंडी एवढ्या जोरात 'हजर' म्हणाली की शेजारचा वर्ग दचकला.

गौतम नावाची तीन पोरं एकाच वर्गात होती. तिघांच्या गोष्टी सारख्याच असतील, तेव्हा एका पुस्तकात भागेल असं मी म्हणालो. बाईंना ते पटलं नाही. त्या बौद्धवाड्यात जाऊन तीन घरी बसून आल्या. एका गौतमचा आजा धोंडिबा त्यांना म्हणाला, "बाई, माझं नाव गावानं ठिवलं. नातवाचं आमी ठिवलं." हे वाक्य बाईंनी पानभर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्या पानावर चित्र काढलं नाही. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पान तेच, असं माझं मत आहे.

ह्या सगळ्याची तक्रार वर पोचली आणि विस्तार अधिकारी तपासणीला आले. सही करताना ते नुसतं 'पी. जी.' करत.

"हे अभ्यासक्रमात आहे का, बाई?"

"न्हाई. साहेब, पी म्हंजे काय?"

"तपासणी कुणाची चालूय?"

"तुमचीच की. पी म्हंजे काय?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पोपट." पोरं खुसखुसली. बाईंनी नुसतं बघितलं तशी गप्प झाली. "जन्मल्यावर मी रडलोच नाही म्हणे," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी आशा सोडली होती. आजीनं कानात 'पोपट' म्हणून हाक मारली, निदान ह्या नावानं तरी बोलंल म्हणून. तेव्हा रडलो." जाताना त्यांनी शेरा लिहिला : 'चित्रे भरपूर. पाढे कच्चे.' खाली सही मात्र पोपटराव अशी पूर्ण केली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात शाळेसमोरून दुष्काळी कामाचा रस्ता निघाला. खडी फोडायला कर्नाटकच्या सीमेकडच्या गावांतल्या बायका आल्या होत्या. दुपारी त्या शाळेच्या रांजणावर पाणी प्यायला येत आणि बाई स्वतः तांब्यानं वाढत. पाण्याच्या बाबतीत बाई फार कडक. पोरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा त्या लिंबाच्या बुडाशी घालायला लावत.

एके दिवशी एका म्हातारीनं ओंजळ पुढं केली आणि पाणी न पिता बाईंच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "नागम्मा?"

बाईंच्या हातातला तांब्या कलता झाला. ओंजळ भरली, पाणी जमिनीवर सांडत राहिलं, बाईंना भान नव्हतं.

"बा इल्ली," म्हातारी म्हणाली. 'इकडं ये' एवढं कानडी मला कळत होतं. तिनं शेजारची जमीन थोपटली आणि आमच्या मुख्याध्यापिका फतकल मारून तिच्याजवळ बसल्या. पुढचं बोलणं मला काही उमगलं नाही. त्यातलं नाव तेवढं कळायचं आणि ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात होतं.

बायका कामावर परतल्यावर मी विचारलं, "कोण होत्या?"

"आमच्या गल्लीतली. आईची मैतरीण." बाई पदरानं तांब्या पुसत राहिल्या. "माझं म्हायेरचं नाव नागम्मा. आजीचं व्हतं, ती गेली तवा मला दिलं. लग्नात सासूनं तांदळात सुलोचना लिवलं. कानडी नाव घरात नगं म्हनल्या. मालक लई चांगला मानूस हो, त्यांनीच शिकवलं मला. पण त्यांनीबी ते नाव लग्नात एकदा ऐकलं असंल, मंग इसरले. आई गेली, भाऊ गेला, मालकबी गेले. मंग हाक मारनारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

त्या पंधरवड्यात बाई रोज दुपारी खडीच्या ढिगाऱ्याकडं जात. मग रस्ता पुढं सरकला आणि बायका त्याच्याबरोबर गेल्या. बाई पुन्हा पोरांच्या पुस्तकांना लागल्या, पण कधी कधी गेरूत बुडवलेली काडी हातात धरून नुसत्याच बसलेल्या असायच्या.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली. बाई पिशवी घेऊन एकट्याच बांधावरून घराकडं निघाल्या होत्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी फाटकातून हाक मारली, "नागम्मा!"

आणि लगेच जीभ चावली. माझ्यापेक्षा वयानं कितीतरी मोठ्या, वर मुख्याध्यापिका. बाई जागच्या जागी थांबल्या. वळल्या नाहीत. आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं.

तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, "सर, आनिक एकदा."

ह्या वेळी मी जरा मोठ्यानं हाक मारली.