आबांचा निरोप आणि हिरवाक्काचं सार

एका जंगलात एक भोकराचं झाड होतं, आणि बाळांनो, त्या झाडाच्या मुळाशी आबा राहायचे. काम एकच. माती सुकली की रसाच्या ओढ्यात उडी मारायची, पान गाठायचं आणि दारवानांना सांगायचं, "दारं लावा! पाणी उडून चाललंय!" पुस्तकवाले त्यांना संप्रेरक म्हणतात. अशा नावाने हाक कोण मारणार? आपण आबाच म्हणू.

पानाला बारीक बारीक दारं असतात बरं का. प्रत्येक दारावर दोन गुबगुबीत दारवान. पाणी पिऊन फुगले की दार उघडं. आबांचा शब्द कानी पडला की दोघांची पोटं बसतात आणि दार बंद.

पण दारांच्या अलीकडे हिरवाक्काची आळी, म्हणजे पानाच्या पोटातल्या हिरव्या पेशींची वस्ती. ओढ्याचा रस छान आंबट. अक्का त्याचं फक्कड सार करायची.

"आबा, तसेच कसे जाता? घोटभर घ्या की!"

"अगं, निरोप आहे..."

"निरोप काय पळून जातोय होय?"

आबा आत गेले की गेलेच. निरोप त्यांच्याबरोबर पाटावर बसायचा.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. माती भेगाळली. शेंड्याचं कोवळं पान मान टाकून बसलं, आता जातंय की मग जातंय. आबा निघाले. पानाची काळजी होती हो, खरंच होती! पण तोंडाला पाणीही सुटलं होतं.

इकडे दुष्काळाने रसाचा आंबटपणाच गेला. सोडा घातल्यासारखी चव. अक्काने सार चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगंबाई! हे आबांना कोणत्या तोंडाने वाढू?"

तिने कडी लावली आणि आत श्वास रोखून बसली. अख्ख्या आळीने तेच केलं.

"अक्का! अगं, मी आलोय!"

एकही कडी निघाली नाही.

आबांचं डोकं सणकलं. तणतणत ते थेट दारवानांवर जाऊन आदळले.

"लावा ती दारं! या गावात नाहीतरी कुणी कुणाला आत घेत नाही!"

दारवानांची पोटं भीतीनेच बसली. धडाधड दारं मिटली. पाणी आतल्या आत राहिलं आणि पानाने हळूच मान वर केली!

झाडाने आबांच्या कर्तव्यदक्षतेचं तोंडभरून कौतुक केलं. आबा मात्र रुसून बसले होते, आणि अक्का कडीआड रडत होती.

तात्पर्य: निरोप वेळेवर पोचावा असं वाटत असेल, तर निरोप्याचा वाटेत चांगला अपमान करा. झाडं उन्हाने कमी वाळतात, आग्रहाने जास्त.