हासूरामशेठला नोकरी हवी

हासूरामशेठ रोज सकाळी स्वतःच्याच बिल्डिंगच्या वॉचमनला मुलाखत देत.

सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगचे ते मालक. शेजारच्या बिल्डिंगचेही. साठी उलटलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि खाली हाफ पँट. अशा थाटात ते वॉचमनला खुर्चीत बसवत, स्वतः समोर उभे राहत आणि म्हणत, "सर, मे आय कम इन?"

मालक समोर उभा म्हटल्यावर तो बिचारा उठायचा.

"बस रं! सायेब कधी उठतो का?" शेठ ओरडत.

मी त्यांचा भाडेकरू. पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडं आलं. एका संध्याकाळी शेठ दारात. "मास्तर, मना नोकरी पायजे."

"तुम्हाला?"

"हां. तिनदादला."

"कुठं?"

"तिनदाद. क्रिकेटवालं येतात ना तिथून. मोप समुद्र हाय."

तिनदाद म्हणजे त्रिनिदाद हे मला चहा संपता संपता कळलं. पण जन्मात कुणाची चाकरी न केलेल्या माणसाला ती पृथ्वीच्या पलीकडे जाऊन का करायची आहे, ते काही कळेना. विचारलं की शेठचं उत्तर ठरलेलं. "तो विषय वेगला."

बिल्डिंगमध्ये तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, शेठला कुणीतरी मोठा गंडा घातलाय. तळमजल्यावरच्या काकूंचं मत होतं की बायको जाऊन दोन वर्षं झाली, आता तिकडची करणार. शेठना हे सगळं ऐकू येई. ते हसत. "तो विषय वेगला."

मी माहिती काढली. म्हटलं, "शेठ, तिथल्या माणसाला जे काम येतं, त्यासाठी बाहेरच्याला सहसा परमिट देत नाहीत. तुम्हाला वेगळं काय येतं?"

शेठ उठून गेले. दुसऱ्या दिवशी उजळल्या चेहऱ्यानं आले. "जमिनीची भांडणं मिटवता येतात. सख्खे भाव-भाव कोर्टात जाऊ नाय म्हणून मीच मधी बसतो."

"पण त्रिनिदादला कोण भांडणार?"

"का? तिथं भाव नसतात?"

तेच इंग्रजीत घालून मी अर्ज पाठवत सुटलो. कुठूनच उत्तर येईना. शेवटी रामदीन नावाच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं आलं. मळ्यावर देखरेखीला माणूस हवा होता, व्हिडिओ कॉलवर बोलू म्हणाला.

आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. माझ्या घरात शेठ खुर्चीच्या टोकावर बसले. रामदीन टोपी घालून मळ्यातच उभा होता. त्याचं इंग्रजी असं गाणं म्हटल्यासारखं वाहत होतं की इतकी वर्षं इंग्रजी शिकवणारा मी निम्म्यावर नुसताच मान हलवत होतो. मग त्यानं फोन फिरवून रोपं दाखवली. "बैगन!"

"आयला, वांगी! मास्तर, ह्यो तर आपलाच निघाला!" शेठनी माझ्या पाठीत थाप घातली.

रामदीन हसला आणि सावकाश, मलाही समजेल असं विचारलं, तिकडचं सगळं सोडून तुम्हाला इथं का यायचंय?

या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. 'सर, आय अ‍ॅम हार्ड वर्किंग.' पण शेठ थेट रामदीनकडं बघत मराठीतच बोलायला लागले.

"माझी पोरगी तिथं हाय. सातवा महिना लागला तिला. जावय समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. महिना महिना घरी नाय. तिची आई असती तर ती गेली असती, आईला तिथं काम असतं. मी बाप. लेकीच्या घरी नुसता बसून कसा खाऊ? माझ्या बापानं माझ्या भयनीच्या घरचं पानीपन नाय पिलं."

शेठची लेक मनीषा परदेशी असते एवढंच मला ठाऊक होतं. मी अडखळत त्याला सगळं सांगितलं. रामदीननं टोपी काढली. बोलला ते मोजकंच.

"ते म्हणतात, यासाठी नोकरीची गरज नाही," मी शेठना सांगितलं.

"म्हंजे काम नाय."

"तसं नाही हो..."

"नाय तर नाय. सरल बोलला, मानूस बरा हाय." शेठ उठून उभे राहिले, "थँक्यू सर" म्हणाले आणि त्यांनी स्वतःच फोन बंद केला.

"अहो शेठ! लेकीकडे जायला नोकरी कशाला, असं म्हणाला तो. नुसते या म्हणाला."

"नुसता?" शेठ पार गोंधळून गेले. "नुसता कसा जाऊ?"

मग त्यांनी मनीषाला फोन लावला. स्पीकर चालूच राहिला.

"मने, तुज्याकडं यायचा बोलतो. काम शोधला गं, मिलाला नाय. तसाच आलो तर चालल का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा... किती दिवस राहाल?"

शेठनी माझ्याकडं पाहिलं. या प्रश्नाची आम्ही तयारी केलेली नव्हती.

"तू जा बोलशील तवर," ते म्हणाले आणि फोन कानाला लावून, माझ्याकडं पाठ करून गॅलरीत गेले.