उभी आहे, रद्द नाही

अण्णा टेंबे कुणाच्या पुढे चालत नाहीत. देऊळ असो, लग्न असो की स्मशान, अण्णा सगळ्यांच्या मागे. यात नम्रता वगैरे काही नाही. नम्रतेशी अण्णांची ओळख असती तर आमच्या गल्लीचं पुष्कळ भलं झालं असतं. अण्णा रेल्वेत गार्ड होते आणि गार्ड गाडीच्या शेवटी असतो, एवढंच त्याचं कारण. रिटायर होऊन वर्षं लोटली, तरी पुढे जे काही चाललेलं असेल ती अण्णांच्या लेखी गाडी असते आणि ती सुखरूप पोचवायची जबाबदारी त्यांची. त्यासाठी खिशात शिट्टी आणि काखेत गुंडाळलेली हिरवी झेंडी कायम असते.

माझ्या बहिणीच्या लग्नात वरात फ्रीगंजातून निघाली. टावर चौकात नवरदेवाच्या एका वजनदार मावशीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि बाई मागे राहिल्या. अण्णांनी शिट्टी काढून अशी फुंकली की बँड बंद पडला, घोडी बिचकली आणि चौकातला ट्रॅफिकचा हवालदार कुणी साहेबाने बोलावलं असं समजून धावत आला. मुहूर्त डोक्यावर आलेला. नवऱ्या मुलाचे वडील लालबुंद होऊन विचारू लागले की हा काय तमाशा आहे. अण्णा शांतपणे म्हणाले, "परेशान होऊ नका व्याही. गाडी उभी आहे, रद्द नाही." मावशी चप्पल शिवून घेऊन आल्या तेव्हाच झेंडी हलली. लग्न लागलं, पण माझ्या बहिणीला सासरी अजून "शिट्टीवाल्यांची" म्हणतात.

असा हा गृहस्थ आमचा शेजारी. मी बँकेत क्लार्क आहे. रविवारी पोहे-जिलबी खाऊन दुपारी झोपावं, यापलीकडे मला आयुष्यात महत्त्वाकांक्षा नव्हती. अण्णांनी ती शिल्लक ठेवली नाही.

आमच्या गल्लीच्या मागे मिलच्या चाळी. मिल बंद पडली तेव्हा तिथल्या कित्येकांनी हातगाड्या धरल्या, बायका घरात अगरबत्त्या वळू लागल्या. त्याच सुमाराला आमच्या गल्लीत घरोघरी केबल आली. संध्याकाळी चाळीतली पोरं आमच्या खिडक्यांना लटकून टीव्ही बघायची आणि आम्ही सभ्य माणसं पडदे ओढून घ्यायचो. अण्णांनी पडदा ओढला नाही. त्यांनी सरळ टीव्ही बंद केला, बाहेर येऊन पोरांच्या तोंडाकडे बघितलं आणि कमलकाकूंना सांगितलं की या पोरांना पिक्चर नको, हवा पाहिजे. झाली संस्था स्थापन. नाव, मोकळी हवा मंडळ. अध्यक्ष अण्णा, खजिनदार काकू आणि चिटणीस मी. मी ऑफिसात होतो तेव्हा माझी बिनविरोध निवड झाली.

दर वर्षी नाताळच्या सुट्टीत हे मंडळ चाळीतल्या पोरापोरींना चार दिवस शहराबाहेर शेतावर घेऊन जातं. तंबू, चूल, विहिरीचं पाणी, झाडावर चढणं, पक्षी ओळखणं. कुणाला एक पैसा पडत नाही. अण्णा पैशाची देणगी घेतही नाहीत. किराणा दुकानात जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, डाळ दे. दुकानदार देतो, कारण दिल्याशिवाय अण्णा जात नाहीत.

शिबिराचा सगळा कारभार रेल्वेचा. पोरं म्हणजे डबे. प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरायचा, एकदा जोडलं की सुटायचं नाही, आणि सगळ्यात मागे अण्णा. काकूंची चूल म्हणजे पँट्री. मी पॉइंट्समन, म्हणजे वाट जिथे फुटते तिथे उन्हात उभं राहून "इधर से, इधर से" करणारा माणूस. चाळीतली संतोषी नावाची मुलगी पहिल्या वर्षी सारखी फुलं वेचायला थांबायची आणि अख्खी गाडी खोळंबायची. मी तिच्यावर ओरडलो तर अण्णा माझ्यावर ओरडले. म्हणाले, "ज्या डब्याला वेळ लागतो त्याच्यासाठीच गार्ड असतो भिया. इंजिनाला गार्ड कशाला लागतो?"

त्या पहिल्या वर्षाच्या शेवटी अण्णांनी जे केलं, ते फक्त गार्डच करू जाणे. परतीचा टेंपो भरला. अण्णांनी पोरं नीट बसलेली बघितली, मागे उभे राहिले, शिट्टी फुंकली, झेंडी हलवली. गाडी हलल्यावर शेवटचा डबा गार्डापाशी येतो आणि गार्ड दांडी धरून डौलात वर चढतो, ही उभ्या जन्माची सवय. पण आगगाडीत गार्ड फलाटावर आपल्या डब्याच्या थोडा पुढे उभा असतो. इथे अख्खा टेंपोच अण्णांच्या पुढे होता आणि ड्रायव्हर मुन्नालालला रेल्वेचे कायदे ठाऊक नव्हते. शिट्टी वाजताच त्याने गियर टाकला आणि टेंपो भुर्रकन गेला. अण्णा हात पुढे करून उभेच. पोरं मागून ओरडतायत, "अण्णा छूट गए, अण्णा छूट गए," आणि मुन्नालालला वाटलं पोरं खुशीत आहेत. मी भांडी बांधत मागे थांबलो होतो म्हणून बरं. अण्णांना माझ्या स्कूटरवरून आणावं लागलं. स्कूटरवरही ते मागे तोंड करून बसले. गार्डाने मागचं बघायचं असतं म्हणे. नानाखेड्याच्या बस स्टँडावरची सगळी जनता आमच्याकडे बघून हसत होती.

गल्ली महिनाभर हसली. पण दुसऱ्या वर्षी अण्णा पुन्हा तसेच सुटले. तिसऱ्या वर्षीही. काकू म्हणाल्या, सवय मेली जात नाही. मुन्नालालने बिचाऱ्याने थांबतो म्हणून सांगून बघितलं, तर अण्णा त्याच्यावर डाफरले की उभ्या गाडीत पॅसेंजर चढतात, गार्ड नाही. मला म्हाताऱ्याच्या हट्टाची चीड यायची. माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला, झेंडीची काठी माझ्या कानात खुपसणारा माणूस शहरभर मिरवायचा म्हणजे काय, ते ज्याने मिरवलाय त्यालाच कळेल.

मग एका वर्षी शिबिरावरच बेतलं. नानाखेड्याच्या पलीकडे ज्या पटेलांच्या शेतावर आम्ही जायचो, ते शेत दिवाळीनंतर विकलं गेलं. त्या दिवसांत जो तो कॉलनी काढत सुटला होता. आम्ही गेलो तर विहिरीपाशी चुन्याच्या रेघा आणि प्लॉटची पाटी. पटेलांनी चहा पाजला, हात जोडले. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना मुली उजवायच्या होत्या. परत येताना मी अण्णांना म्हणालो की या वर्षी राहू दे, पोरांना गावातल्याच एखाद्या बागेत नेऊन भेळ खायला घालू. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. अण्णा म्हणाले, "सिग्नल पडला नाही म्हणजे गाडी कॅन्सल होते का? उभी आहे. रद्द नाही."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सायकलवर जागा शोधत फिरू लागले. कुणी म्हणालं पोरं विहिरीत पडतील, कुणी म्हणालं पीक तुडवतील, कुणी नुसतंच चाळीचं नाव ऐकून दार लावलं. इकडे चाळीत पोरं रोज विचारायची. संतोषी आता मोठी झाली होती, धाकट्या भावाचा सदरा धरून त्याला डबा व्हायला शिकवत होती. ते बघून मात्र माझीही झोप थोडी उडाली.

शेवटी आगर रस्त्याला एक जागा अण्णांच्या मनात भरली. पूर्वी तिथून आगरची छोटी लाइन जायची. रूळ कधीच उखडून नेलेत, पण मातीचा भराव अजून शेतांमधून सरळ गेलेला दिसतो. भरावाला लागून बाबूलालजी नावाच्या शेतकऱ्याची चिंचेची झाडं, विहीर आणि बटल्याचं, म्हणजे मटाराचं, हिरवंगार शेत. अण्णांनी बाबूलालजींना विचारलं. त्यांनी बटल्याकडे बोट दाखवून साफ नाही म्हटलं. शहरची पोरं एका दिवसात शेत साफ करतील, हे त्यांचं म्हणणं. मला तरी ते पटलं.

अण्णा भांडले नाहीत. रोज सकाळी सायकलने जायचे आणि बाबूलालजींच्या फाटकापाशी दगडावर बसायचे. मागणं नाही, विनवणी नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, सिग्नलची वाट बघतोय. बाबूलालजी शेतात जाताना बघायचे, येताना बघायचे. मी रजा टाकून अण्णांना घरी आणायला गेलो, त्याच दिवशी बाबूलालजी दोन कप चहा घेऊन बाहेर आले. कप दोनच होते, त्यामुळे मी नुसता ऐकत उभा राहिलो. ते विचारत होते की आप रेल में थे क्या. अण्णांनी गार्ड म्हणताच तो माणूस भरावाकडे बघू लागला.

मग म्हणाले, "बचपन में हम यहीं खड़े रहते थे. छोटी लाइन का गार्ड बाबू पीछे से झंडी हिलाता था. हम हाथ हिलाते थे. और कोई तो हमारी तरफ देखता नहीं था, बस वही देखता था."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. बाबूलालजींनी जागा दिली. अट एकच, एकही पोर बटल्यात उतरता कामा नये.

शिबिर झालं आणि झोकात झालं. अण्णांनी पोरांना सांगितलं की भराव म्हणजे लाइन, आणि लाइन सोडणारा डबा घसरला म्हणून समजा. आगरची छोटी लाइन इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू झाली. सकाळी गाडी निघायची, सदऱ्याला सदरा धरून, तोंडाने झुकझुक करत, दोन्ही बाजूंना हिरवे बटले, आणि एकही पोर खाली उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबूलालजींनाच राहवलं नाही. त्यांनी टोपलीभर शेंगा आणून काकूंच्या पँट्रीत ओतल्या आणि स्वतः पोरांच्यात बसून सोलू लागले. काकूंनी बटल्याची खिचडी केली. मी तीनदा घेतली, हे चिटणीस म्हणून नमूद करतो.

चौथ्या दिवशी ऊन कलायला लागल्यावर टेंपो भरला. अण्णांनी संतोषीच्या भावाला आत सरकवलं, फळी लावली, मागे येऊन उभे राहिले. शिट्टी, झेंडी. मुन्नालाल आता मुरलेला होता, त्याने मागे वळूनही बघितलं नाही. पोरं फळीवर ओणवी झाली, "अण्णा छूट गए" सुरू झालं, सगळे हात हलायला लागले. अण्णा रस्त्याच्या मधोमध झेंडी हलवत होते. टेंपो वळणापाशी एवढासा झाला, आवाज गेला, धूळ बसली, तरी झेंडी हलतच होती.

मी भांड्यांचं पोतं स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणालो, "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्हाला दोरीने बांधून टेंपोत टाकतो. दर वर्षी कसे हो विसरता?"

"विसरतो कुठे," अण्णा म्हणाले. "पहिल्या वर्षी विसरलो होतो."

ते वळणाकडेच बघत होते. त्यांचा मुलगा शिरीष परदेशात असतो, एवढंच मला माहीत होतं. दिवाळीला फोन येतो तेव्हा काकू रडतात आणि अण्णा हवापाणी विचारतात.

"शिरीष लहान होता ना, आमचं क्वार्टर लाइनीलाच होतं. माझी गाडी निघाली की तो तारेपाशी येऊन उभा राहायचा. मी झेंडी दाखवायचो. खूप वर्षं चाललं ते. मला वाटायचं, पोरगा खूश आहे." अण्णांनी झेंडी गुंडाळायला घेतली. "मागे फोनवर सहज बोलला. म्हणे, बाबा, लहानपणचे तुम्ही आठवायला गेलो तर मला झेंडीच दिसते. लहान लहान होत जाणारी. हसत होता तो. वाईट म्हणून नाही बोलला."

मी पोत्याची गाठ पुन्हा आवळली.

"पहिल्या वर्षी टेंपो सुटला आणि मी मागे राहिलो, तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तर नेहमी गाडीत असायचो. गाडी गेल्यावर मागे किती चुप्प होतं, ते मला माहीतच नव्हतं रे. तो रोज एवढ्या चुप्पीत उभा राहायचा. मग मी ठरवलं, वर्षातून एकदा आपण उभं राहायचं."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण अण्णांचा हात धरायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. मी स्कूटरला किक मारली. अण्णा नेहमीप्रमाणे मागे तोंड करून बसले, पाठीला पाठ लावून. झेंडीची काठी माझ्या कानाला लागली. मी ती बाजूला केली नाही.

आम्ही थोडे पुढे गेलो असू. मागून अण्णांनी माझ्या पाठीला पाठीनेच ढोसल्यासारखं केलं, आणि झेंडी उलगडल्याचा आवाज आला.

"जरा हळू घे," अण्णा म्हणाले. "बाबूलालजी अजून भरावावर उभे आहेत."