काळेभाऊंची लेकरं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काळेभाऊ भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. थेट विचारतात, "ताई, पोट कसं हाय?" लिफ्टमध्ये, भाजीच्या गाड्यापाशी, एकदा तर बँकेच्या रांगेत. उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत.

मुलांनो, या विषयावर मी तुमच्या आजोबांशीही कधी बोलले नव्हते.

भाऊंची सगळी नोकरी वैजापूरकडच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. "बैल खाईना झाला की धडधाकट बैलाच्या तोंडातला रवंथ काढून त्याला चारायचो. दुसऱ्या दिवशी गडी वैरणीला तोंड लावायचा! लई ताकद त्या जंतूंत." हे ते सांगतात आमच्या जेवणाच्या टेबलावर.

दह्यातल्या जिवाणूंना ते 'लेकरं' म्हणतात. "फ्रिजमधी लेकरं झोपत्यात, मरत नाय. उकळलं की मात्र खेळ खलास!" म्हणून कढी ही त्यांची वैरीण. गंगापूरला भाच्याच्या लग्नात कढीची बादली घेऊन आलेल्या वाढप्याला त्यांनी भर पंगतीत विचारलं, "किती लेकरं मारली रे आज?" तो बिचारा बादली तिथंच ठेवून पळाला. भाच्याची सासू अजून भाऊंशी बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दाढेसाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दाढ शांत झाली आणि पोट बिघडलं. भाऊंच्या प्रश्नाला मी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रागच आला.

"औषधानं चोरासंगट शिपाईबी मारले, ताई. आता नवी भरती करावी लागंल."

मी डॉक्टरांना विचारलं. "खा की ताजं दही," ते म्हणाले.

भरती सुरू झाली. रोज अकरा वाजता भाऊ झाकलेली वाटी घेऊन यायचे आणि मी शेवटचा चमचा संपवेपर्यंत समोर बसायचे. मग म्हशींच्या गोष्टी. मग चितेगावच्या कंपनीतून बदली होऊन बंगळुरूला गेलेल्या मुलाची गोष्ट. माझा पेपर वाचायचा राहून जायचा. दहाव्या दिवशी मी सुटकेच्या आनंदात सांगितलं, "भाऊ, पोट अगदी ठणठणीत!"

"बरं झालं," ते म्हणाले. पण चेहरा उजळला नाही. धुतलेली वाटी त्यांनी पुन्हा रुमालानं पुसली. दारात चपला घालायला फार वेळ लावला.

"मंग उद्यापास्नं येत नाय. तुमचंबी काम खोळंबतंय." जरा थांबून म्हणाले, "एकट्यापुरतं दही लावायचं म्हंजी, ताई... वहिनी गेल्यापास्नं अर्धं फेकावंच लागायचं."

'वहिनी' म्हणजे त्यांची बायको. माझ्याशी बोलताना तिला ते तसंच म्हणतात. समोरचं त्यांचं दार उघडं होतं. आत पंखा रिकाम्या खुर्चीवर फिरत होता.

"तसं संध्याकाळी थोडं गुरगुरतं," मी म्हणाले.

भाऊ गर्रकन वळले. "गुरगुरतं? उजवीकडं का डावीकडं?"

"दोन्हीकडं."

"मंग महिना तरी लागंल!" त्यांनी चपला काढल्या आणि परत येऊन बसले.

त्याला आता वर्ष होत आलं. हे वाचून काळजीनं फोन करू नका; माझं पोट उत्तम आहे. मात्र सकाळी अकराच्या सुमारास विचारलंत, तर बरं नाही असंच सांगेन.